खोडलेल्या ओळी

"शास्त्रज्ञांचे काय सांगता, ते आज एक म्हणतात, उद्या दुसरेच!" हा शेरा आपल्या घराघरांत ऐकू येतो. हृदयाच्या काळजीने तुपाचा डबा फडताळात मागे सारावा, तर काही वर्षांनी तूप तितकेसे वाईट नसल्याची बातमी येते. अंड्यातला पिवळा बलक कधी वर्ज्य असतो, कधी पौष्टिक. सामान्य माणसाने वैतागावे असेच हे आहे आणि त्याचा वैताग अगदीच बिनबुडाचा आहे असे कोणी म्हणू नये. मात्र या वैतागातून जो निष्कर्ष काढला जातो, म्हणजे 'यांनाच काही कळत नाही, तेव्हा आपल्याला पटेल ते करावे', तो जरा तपासून पाहायला हवा.

पाठ्यपुस्तकात छापलेली, परीक्षेत गुण मिळवून देणारी, डॉक्टरांनी रुग्णाला आणि गुरुजींनी मुलांना बिनदिक्कत सांगितलेली एखादी ओळ जेव्हा खोडली जाते, तेव्हा नेमके काय घडते? ती खोडतो कोण, कशाच्या बळावर, आणि त्याला इतकी वर्षे का लागतात? माणसाचे पोट, खेळाडूचे स्नायू, मसाल्याच्या डब्यातली एक बुरशी आणि डोक्यावरचा सूर्य या, एकमेकांशी काडीचेही नाते नसलेल्या ठिकाणी अशा खोडलेल्या ओळी सापडतात. त्यांत पोटाची गोष्ट सर्वांत वेदनादायक, म्हणून आधी तीच.

ज्यांचे बालपण सत्तर-ऐंशीच्या दशकांत गेले, त्यांना नात्यातले किंवा चाळीतले एखादे 'अल्सरवाले काका' नक्की आठवतील. त्यांचे ताट वेगळे असे. मऊ भात, दूध, बिनतिखटाची भाजी. खिशात चघळायच्या गोळ्या. लग्नाच्या पंगतीत आमटीची वाटी त्यांच्यासमोरून आपोआप उचलली जाई. "चिंता फार करतात हो, म्हणून पोटात जखम झाली," असे घरातली माणसे हळू आवाजात सांगत. म्हणजे पोटदुखी ती पोटदुखी, वर स्वभावालाही दोष.

घरच्यांनी हे मनाने रचलेले नव्हते. डॉक्टरही तेच सांगत होते. जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या अस्तराला पडलेली जखम म्हणजे अल्सर. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, ते प्रमाणाबाहेर झाले की अस्तर जळते, आणि आम्ल वाढते ते चिंतेने, तिखटाने, चहा-सिगारेटने, अशी ही सरळ साखळी होती. 'आम्ल नाही तर अल्सर नाही' हे सूत्र कार्ल श्वार्त्झ यांनी १९१० मध्ये मांडले आणि पुढची सत्तर वर्षे त्याला कोणी फारसे आव्हान दिले नाही. उपचारही त्याच बेताचे. दूध पाजा, आम्लनाशके द्या, नाहीच जमले तर शस्त्रक्रिया करून जठराचा काही भाग काढून टाका किंवा आम्ल पाझरवण्याचा संदेश आणणारी मज्जातंतूची शाखाच तोडा. १९७६ मध्ये सिमेटिडिन हे औषध बाजारात आले. आम्लाचा झरा मुळातच रोखणारे हे औषध खरोखर गुणकारी होते. त्यामागचे संशोधक जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळाले, ते योग्यच होते. अडचण एवढीच की गोळी थांबवली की बहुतेकांचा अल्सर वर्षभरात परत येई. रुग्ण बरा होत नसे आणि मरतही नसे. तो गोळ्या विकत घेत राही. या जातीची औषधे जगात सर्वाधिक खपणाऱ्यांत जाऊन बसली, यात नवल नाही.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला पर्थ नावाचे शहर आहे. तिथल्या रॉयल पर्थ हॉस्पिटलात रॉबिन वॉरन हे विकृतिशास्त्रज्ञ होते. सूक्ष्मदर्शकाखाली रुग्णांच्या ऊतींचे तुकडे तपासणे, हे त्यांचे रोजचे काम. ११ जून १९७९ रोजी, म्हणजे त्यांच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, जठराच्या अस्तराच्या एका तुकड्यावर त्यांना काहीतरी वेगळे दिसले. चांदीच्या क्षारांचा रंग देऊन पाहिले, तर नागमोडी जिवाणूंची दाटी. आता, जठरातल्या जळत्या आम्लात कोणताही जिवाणू जगू शकत नाही, हे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगे. सहकाऱ्यांनी मान हलवली आणि विषय सोडून दिला. वॉरन मात्र तुकडे गोळा करत राहिले. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर प्रशिक्षणाचा एक भाग म्हणून एखादे संशोधन शोधत त्यांच्याकडे आला आणि जोडी जमली.

शंभर रुग्णांच्या जठराचे तुकडे घेऊन त्यांतून जिवाणू वाढवायचे ठरले. प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीने पोषकद्रव्याच्या ताटल्या दोन दिवस ठेवत आणि काही उगवले नाही तर फेकून देत. तीसहून अधिक रुग्णांच्या ताटल्या अशाच कोऱ्या गेल्या. १९८२ च्या ईस्टरची लांब सुटी आली, प्रयोगशाळेत दुसऱ्याच कामाची गडबड होती, आणि ताटल्या पाच दिवस तशाच राहून गेल्या. सुटीनंतर पाहतात तो जिवाणू उगवलेले! बिचारे सावकाश वाढणारे होते, इतकेच. पुढे त्यांचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी असे ठरले. शंभर जणांपैकी लहान आतड्याचा अल्सर असलेले रुग्ण तेरा होते. तेराच्या तेरा जणांत हे जिवाणू सापडले.

तरी कोणी मानेना. प्राण्यांत रोग निर्माण करून दाखवावा, तर डुकरांच्या पिलांवरचा प्रयोग फसला. १९८४ मध्ये बत्तीस वर्षांच्या मार्शलने अखेर आपल्या जठराची दुर्बिणीने तपासणी करून ते निरोगी असल्याची खात्री करून घेतली आणि जिवाणूंचे ते गढूळ पाणी स्वतःच पिऊन टाकले. बायकोला आधी सांगितले नव्हते, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलेच असेल. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला दुर्गंधी. दहाव्या दिवशी पुन्हा तपासणी केली तेव्हा जठराला चांगलीच सूज आलेली आणि अस्तरावर तेच नागमोडी जिवाणू.

ही गोष्ट जगभर सांगितली जाते आणि ऐकायला झकास आहे. पण तिने काय सिद्ध झाले, हे नीट पाहिले पाहिजे. मार्शलला सूज आली होती, अल्सर झाला नव्हता. एका माणसावरचा एक प्रयोग, तोही ज्याला निष्कर्ष काय हवा हे आधीच ठाऊक आहे अशाने केलेला. डॉक्टरमंडळींचे मत खऱ्या अर्थाने पालटले ते नंतरच्या कंटाळवाण्या कामामुळे. अनेक देशांत रुग्णांचे गट पाडून काहींना फक्त आम्ल कमी करणारे औषध दिले, काहींना त्याच्या जोडीला प्रतिजैविके. ज्यांच्यातले जिवाणू नष्ट झाले, त्यांचा अल्सर परत येण्याचे प्रमाण एकदम खाली आले. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञमंडळाने प्रतिजैविकांची शिफारस केली. वॉरन यांना पहिले जिवाणू दिसल्याला तोवर पंधरा वर्षे झाली होती. नोबेल मिळायला आणखी अकरा.

मग आधीचे डॉक्टर आळशी होते का? गर्विष्ठ होते का? काही होतेही. पण १९५४ साली एडी पामर या अमेरिकी डॉक्टरने ११८० जणांच्या जठराचे तुकडे तपासून त्यांत असे जिवाणू नाहीत, असा निर्वाळा दिला होता. ११८० हा आकडा लहान नव्हे. एवढा पुरावा समोर असताना जिवाणूंचा विषय बंद करणारे लोक मूर्ख म्हणता येणार नाहीत. फक्त पामर यांनी जो रंग वापरला, त्यात हे जिवाणू उठून दिसत नाहीत. शोधण्याची पद्धतच अशी की शोधलेली वस्तू सापडू नये, आणि सापडली नाही म्हणून ती नाहीच असे मानले गेले.

याच गोष्टीला एक उदास उपकथानक आहे. ग्रीसमधल्या मेसोलोंगी गावात जॉन लिकूडिस हे डॉक्टर १९५८ पासून अल्सरच्या रुग्णांना प्रतिजैविकांचे मिश्रण देत होते. हजारो लोक त्यांच्याकडे येत, बरे होऊन जात. त्यांचा लेख नियतकालिकाने परत पाठवला, वैद्यकीय व्यवसायाच्या पंचांनी त्यांना दंड ठोठावला आणि मार्शल-वॉरन यांचा शोध लागण्यापूर्वीच, १९८० मध्ये, ते वारले. अन्याय झाला, यात शंका नाही. मात्र लिकूडिस यांच्याकडे जिवाणू नव्हता, ताटली नव्हती, औषध न दिलेल्या रुग्णांशी तुलना नव्हती. गुण येतो, एवढेच ते सांगू शकत होते. आणि गुण येतो असे सांगणारे तर गल्लोगल्ली असतात. आजकाल मोबाइलवर रोज एखादा वैद्यराज 'गॅलिलिओलाही लोक हसले होते' असे सांगत आपली पुडी विकतो. हसले गेलेल्यांत गॅलिलिओ एखादाच, बाकीचे खरोखरच हसण्याजोगे होते, हे तो सांगत नाही.

नवी ओळ तरी पूर्ण आहे का? तसेही नाही. आपल्या देशात बहुसंख्य प्रौढांच्या पोटात हा जिवाणू असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यात अल्सर होत नाही. जिवाणूखेरीज वेदनाशामक गोळ्या हे अल्सरचे दुसरे मोठे कारण आहे, गुडघेदुखीसाठी त्या महिनोन्महिने घेणाऱ्या आजी-आजोबांनी हे ध्यानात ठेवावे. जेवणानंतर छातीत जळजळते ते आम्लपित्त बहुधा वेगळेच असते, तो अल्सर नव्हे. आणि हा लेख वाचून कोणी औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणू नयेत. या जिवाणूने आपल्याकडे काही औषधांना आधीच दाद देणे सोडले आहे.

पोटाच्या ओळीपायी माणसांची जठरे कापली गेली. दुसरी ओळ इतकी क्रूर नाही, पण भलतीच चिवट आहे. रविवारी सकाळी सिंहगड चढून-उतरून आलेल्या पुणेकराला विचारा. रविवारी संध्याकाळी तो खुशीत असतो. सोमवारी कुरकुरतो आणि मंगळवारी जिना उतरताना कठड्याला धरून चालतो. कोणी विचारलेच तर सांगतो, "पायात लॅक्टिक अॅसिड साठलंय." मराठीत तर यासाठी शब्दच असा आहे की विज्ञानाने शिक्कामोर्तब केल्यासारखे वाटावे. चालून चालून पाय 'आंबतात'. आंबणे म्हणजे आंबट होणे, आणि आंबट म्हणजे आम्लच की!

या समजुतीला पाया होता. १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन ते थकवले, तेव्हा प्राणवायूविना थकलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल साठल्याचे त्यांना आढळले. पुढे आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहोफ यांनी स्नायूंतली उष्णता आणि रसायने मोजून हा अभ्यास बराच पुढे नेला व १९२२ चे नोबेल मिळवले. तिथून क्रीडा प्रशिक्षकांच्या तोंडी जी साखळी बसली ती अशी: दम लागला, प्राणवायू कमी पडला, आम्ल साठले, स्नायू थकला, दुसऱ्या दिवशी दुखला. यातला बेडूक खरा, आम्लही खरे. पण रक्तपुरवठ्यापासून तोडून मेजावर ठेवलेला बेडकाचा पाय आणि मैदानात धावणाऱ्या माणसाचा पाय यांत फरक असतो. बेडकाच्या पायातला पदार्थ कुठे जाऊच शकत नव्हता.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे जॉर्ज ब्रूक्स यांनी नेमके हेच विचारले, की धावणाऱ्या देहात हा लॅक्टेट जातो कुठे? किरणोत्सारी खूण केलेला लॅक्टेट उंदरांना देऊन त्यांनी त्याचा माग काढला, तेव्हा तो चक्क जाळला जात असल्याचे दिसले. १९८० च्या दशकात त्यांनी मांडलेले चित्र असे आहे: जोराने काम करणारे तंतू लॅक्टेट तयार करतात, तो शेजारच्या सावकाश चालणाऱ्या तंतूंना आणि रक्तावाटे हृदयाला मिळतो व ते त्यावर चालतात. उरलेल्यातून यकृत पुन्हा साखर बनवते. ज्याला आपण चुलीतली राख समजत होतो ती शेजारच्या घरी सरपण म्हणून जात होती. ब्रूक्स यांना बरीच वर्षे विरोध सोसावा लागला. आज उत्तम धावपटू सराव करता करता बोटाला किंवा कानाच्या पाळीला टोचून रक्तातला लॅक्टेट मोजतात ते आपण किती तीव्रतेने पळतो आहोत हे कळावे म्हणून. विषाची मोजदाद म्हणून नव्हे. स्नायू थकतो तो नेमका कशाने, यावर मात्र शरीरशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

आणि मंगळवारचे दुखणे? श्रम थांबल्यावर तासाभरात लॅक्टेट पूर्वपदावर येतो. रविवारचा लॅक्टेट मंगळवारी दुखेल कसा? हे दुखणे मुख्यतः गड उतरण्याचे असते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे ओझे पेलत असतो, त्यात त्याच्या सूक्ष्म तंतूंना इजा होते आणि ती भरून निघताना सूज येते. स्नायूतले धागे तुटल्याने असे दुखत असावे, असे थिओडोर हो या अमेरिकी संशोधकाने १९०२ मध्येच लिहून ठेवले होते, म्हणजे बेडकाच्या प्रयोगाच्याही पाच वर्षे आधी! ते मागे पडले आणि आम्लाची सोपी गोष्ट पुढे गेली. शास्त्रीय नियतकालिकांतून ती खोडली गेली आहे. व्यायामशाळेतून जायला अजून अवकाश दिसतो.

सोपी गोष्ट हा खरा चोर आहे. त्याचा पुढचा मुक्काम स्वयंपाकघरात. गोडा मसाला करताना जे काळसर-करडे, कुरळ्या कागदासारखे दगडफूल आपण तेलावर परततो, ते फूल नाही, पानही नाही. ते शैवाक आहे. झाडांच्या सालींवर आणि खडकांवर वाढणारी ही शैवाके म्हणजे एकेक वनस्पती आहेत असे समजले जाई. १८६० च्या दशकात सिमोन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने सांगितले की यात दोन जीव आहेत, एक बुरशी आणि तिच्या कुशीत एक शेवाळ. शेवाळ सूर्यप्रकाशात अन्न करते, बुरशी घर देते. शैवाकांच्या तत्कालीन अभ्यासकांनी त्यांची येथेच्छ टर उडवली. अखेर ते बरोबर ठरले आणि 'एक बुरशी अधिक एक शेवाळ' ही ओळ शाळेच्या पुस्तकात गेली. ती तिथे दीडशे वर्षे सुखाने नांदली.

अमेरिकेच्या मोंटाना भागात सूचिपर्णी झाडांवर दाढीसारखी लोंबणारी दोन शैवाके आहेत. एक पिवळे आणि विषारी. दुसरे तपकिरी, तिथल्या मूळ रहिवाशांच्या जेवणातले. दोघांतली बुरशी तीच, शेवाळही तेच. मग एकात विष का? टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुके धुंडाळली तेव्हा पिवळ्यात तिसराच भिडू भरपूर प्रमाणात सापडला, एका निराळ्या कुळातली यीस्ट. २०१६ मध्ये 'सायन्स'ने ते मुखपृष्ठावर छापले. 'दीडशे वर्षांची समजूत कोसळली' असे मथळे झळकले. पण २०१९ मध्ये ३३९ जातींची शैवाके तपासणारी पाहणी झाली आणि ही यीस्ट सर्वत्र नसल्याचे दिसून आले. म्हणजे दोनाची ओळ खोडली, तिच्या जागी 'तीन' लिहायचे की नाही याविषयी मात्र अजून वाद आहे. काही शैवाकांत तिसरा भाडेकरू आहे, काहींत नाही. तो घरचाच की पाहुणा, हेही ठरलेले नाही.

बुरशीचीच आणखी एक गोष्ट घरोघरी पोचली आहे. जंगलातली झाडे मातीतल्या बुरशीच्या धाग्यांतून एकमेकांशी बोलतात, वडील झाडे आपल्या रोपांना अन्न पाठवतात, ही ती गोष्ट. तिचा उगम १९९७ च्या एका चांगल्या प्रयोगात आहे. कॅनडाच्या सूझन सिमार्ड यांनी भूर्ज आणि डग्लस फर या झाडांना वेगवेगळी खूण केलेला कार्बन देऊन तो एकातून दुसऱ्यात जातो हे दाखवले. पुढे पुस्तके आली, चित्रपटांत संदर्भ आले आणि झाडे माया करू लागली. २०२३ मध्ये तिघा संशोधकांनी जंगलातले सारे प्रयोग एकत्र तपासले. कार्बन जातो, पण तो बुरशीच्याच वाटेने जातो की नुसत्या मातीतून, हे बहुतेक ठिकाणी निश्चित होत नाही, आणि आईझाड आपल्याच रोपाला ओळखून पोसते याला जंगलातला पुरावाच नाही, असे त्यांनी लिहिले. या तिघांतल्या एक मेलनी जोन्स. १९९७ च्या त्या मूळ निबंधावर सिमार्ड यांच्या जोडीने त्यांचेही नाव होते. सिमार्ड यांना ही टीका मान्य नाही. मला मात्र या साऱ्या प्रकरणात जोन्सबाईंचे फार कौतुक वाटते. दुसऱ्याची ओळ खोडायला सगळेच टपलेले असतात. आपल्याच नावावरच्या गोड गोष्टीला 'थांबा' म्हणणे अवघड.

अशीच एक गोड गोष्ट एकेकाळी सूर्याविषयी सांगितली जात होती, आणि तिच्यात निम्मे सत्य होते म्हणून ती जास्तच पटणारी होती. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण भारतातून दिसले. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूरला होते, लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला. सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. ती पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळत नाही, असे इंग्लंडमधल्या नॉर्मन लॉकियर यांनी ओळखले आणि नवे मूलद्रव्य असल्याचे सुचवले. तेच हेलियम. १८९५ मध्ये रॅमसे यांना ते पृथ्वीवरही मिळाले. (आपल्या विजयदुर्गावरचे 'साहेबाचे कट्टे' दाखवून लॉकियर यांनी हेलियम इथेच शोधले, असे सांगण्याची पद्धत आहे. लॉकियर विजयदुर्गाला खरोखर आले होते, पण १८९८ च्या ग्रहणाला. १८६८ मध्ये ते इंग्लंडातच होते. त्याच १८९८ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी नायगमवाला आपली दुर्बीण घेऊन जेऊरला गेले होते, त्यांचे नाव मात्र कोणी घेत नाही.)

हेलियमनंतरच्याच वर्षी, १८६९ मध्ये, अमेरिकेतल्या ग्रहणात सूर्याभोवतालच्या प्रभामंडलात एक हिरवी रेषा दिसली. तीही कशाशी जुळेना. मग काय, युक्ती तयारच होती. आणखी एक नवे मूलद्रव्य! नावही पडले, कोरोनियम. आवर्तसारणीचे जनक मेंडेलीव्ह यांनीसुद्धा त्याला जागा देण्याचा प्रयत्न केला. ही ओळ सत्तर वर्षे टिकली. पृथ्वीवर कोरोनियम काही सापडले नाही, आणि सारणीतली घरे भरत गेली तसे त्याला राहायला जागाही उरली नाही. १९३९ नंतरच्या काही वर्षांत जर्मनीचे ग्रोट्रियान आणि स्वीडनचे एडलेन यांनी उलगडा केला. हिरवी रेषा आपल्या साध्या लोखंडाची होती. फक्त त्या लोखंडाच्या अणूने आपल्या २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावले होते. उष्णतेने अणू इलेक्ट्रॉन कसे गमावतात याचे गणित १९२० मध्ये मेघनाद साहांनी घालून दिले होते. लोखंडाची अशी दशा व्हायची तर तापमान दहा लाख अंशांच्या वर हवे.

एक कोडे सुटले आणि त्याहून मोठे समोर उभे राहिले. सूर्याचा आपल्याला दिसणारा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंशांचा. शेकोटीपासून दूर जावे तशी ऊब कमी व्हायला हवी. इथे दूर गेल्यावर ती शेकडो पटींनी वाढते. हे कसे, याची दोन प्रमुख उत्तरे आहेत. चुंबकीय लाटा ऊर्जा वर वाहून नेतात, हे एक. आल्फवेन यांनी १९४२ मध्ये अशा लाटा सुचवल्या. दुसरे यूजीन पार्कर यांचे, की चुंबकीय रेषांची गुंतागुंत होऊन अगणित चिमुकले स्फोट होत राहतात. दोन्हींना आधार आहे आणि दोघांचा वाटा किती, हे ठरलेले नाही.

या पार्कर यांची एक हकीकत सांगायलाच हवी. १९५८ मध्ये, ऐन तिशीत, त्यांनी सूर्यापासून कणांचा अखंड वारा वाहत असला पाहिजे, असा निबंध लिहिला. तो ज्या दोन तज्ज्ञांकडे परीक्षणाला गेला, त्या दोघांनीही तो छापू नये असे कळवले. नियतकालिकाचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही ही कल्पना रुचली नव्हती. पण परीक्षकांनी गणितातली एकही चूक दाखवलेली नाही, हे पाहून त्यांनी निबंध छापला. ताऱ्यांच्या अंताविषयीचे स्वतःचे गणित १९३५ मध्ये एडिंग्टन यांनी भरसभेत कसे उडवून लावले होते, हे ते विसरले नसावेत. चार वर्षांत मरिनर-२ यानाने तो वारा मोजला. २०१८ मध्ये सूर्याकडे निघालेल्या यानाला पार्कर यांचेच नाव दिले गेले आणि एक्क्याण्णव वर्षांच्या पार्कर यांनी ते उडताना पाहिले. २०२२ मध्ये ते गेले. २४ डिसेंबर २०२४ रोजी ते यान सूर्याच्या पृष्ठभागापासून एकसष्ट लाख किलोमीटरवर, प्रभामंडलाच्या ऐन गाभ्यात, शिरून बाहेर आले.

आपले आदित्य-एल१ इतके जवळ जात नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघून ६ जानेवारी २०२४ ला ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचले. त्याच्यावर पुण्याच्या आयुकाने घडवलेली अतिनील किरणांची दुर्बीण आहे, आणि बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने बनवलेले प्रभामंडल पाहणारे उपकरणही आहे. सूर्याची तबकडी झाकून ते कृत्रिम खग्रास ग्रहण घडवते, म्हणजे जान्सेन यांच्यासारखी गुंटूरला जाऊन काही मिनिटांची वाट पाहायला नको. प्रभामंडलाचा वर्णपट टिपण्यासाठी त्यात ज्या मोजक्या रेषा निवडल्या आहेत, त्यांतली एक हिरवी आहे. कोरोनियमची म्हणून जी १८६९ पासून पुस्तकात होती, तीच.